मारुतरावांच्या विहिरीवरची मोटर

महाळुंग्यात मारुतरावांचं आता तीस गुंठे रान उरलं होतं. एका अंगाला कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला कंटेनर उभे राहायचा रस्ता, आणि मधोमध झेंडू. बाकीचं रान कधीच पत्र्याखाली गेलं होतं. पण बारा एकरांवर होता तेवढाच म्हाताऱ्याचा जीव या तुकड्यावर होता, उलट काकणभर जास्तच. झेंडू आळंदीच्या हारवाल्यांकडे जायचा. एप्रिलमध्ये लग्नसराईचा तोडा हाताशी आला आणि नेमकी त्याच आठवड्यात विहिरीवरची मोटर जळाली.

त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. अकराच्या सुमाराला वाफ्यात बसलेल्या त्यांच्या सुनेला, सुमनताईंना, करपल्याचा वास आला. आधी त्यांना वाटलं कंपनीचा असेल, तिकडून काय काय वास येतात. मग पाटातलं पाणी तुटलं. मारुतराव गुडघ्यावर हात ठेवत विहिरीपर्यंत गेले, वाकून बघितलं. आतल्या दगडी कट्ट्यावर बसवलेली मोटर गप्प होती आणि तिच्यातून धूर निघत होता. काठावर पत्र्याची पेटी, तिच्यात स्टार्टर. पेटीतून खाली विहिरीत जाणाऱ्या जाड काळ्या वायरीला बांगडीएवढं निळं कडं अडकवलेलं होतं. कड्यातून दोन बारीक वायरी निघून एका प्लास्टिकच्या डब्यात गेल्या होत्या.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

नात अपेक्षा पळत आली होती. "तात्या, करंट मोजायचं आहे ते. मोटरवर ताण आला की भोंगा वाजतो."

"वाजला?"

अपेक्षानं डब्याकडे बघितलं. भोंगा वाजला नव्हता. डब्यावरच्या काचेत आकडा होता शून्य. मोटर चालू असतानाही शून्यच होता. सकाळपासून ती त्याच्याशीच झटत होती.

"काढ ते," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

अपेक्षाची अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. कॉलेजात ती हुशार म्हणून गणली जायची नाही, कारण सर शिकवत त्याच्या पलीकडचं विचारायची तिला खोड होती. थ्री फेज म्हणजे काय, घरात एक वायर येते आणि विहिरीवर तीन का, असं तिनं विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "सिलॅबसमध्ये नाही, सोड." तिनं सोडलं नाही. घरचा मिक्सर खोलला, मग जोडला. बंद पडलेला पंखा चालू केला, तो आता उलटा फिरतो पण फिरतो. तिचा बाप रणजीत कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचा. त्यानं तिला चाकणहून मल्टिमीटर आणून दिला होता. भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेले बोर्ड, सोल्डरिंगची काडी, तारा, स्क्रू असं सगळं तिनं एका लाकडी खोक्यात ठेवलं होतं. त्या खोक्याला घरात कुणी हात लावायचं नाही आणि विहिरीवरच्या पेटीला तिनं हात लावायचा नाही, असा तह होता. दुसरी अट तात्यांची. तिच्यात खोट काढता येण्यासारखी नव्हती. पेटीतल्या करंटनं गावात दोन माणसं गेलेली होती.

म्हणून तिनं कडं पेटीबाहेर, वायरीवर लावलं होतं.

त्या दुपारी तात्यांनी शिडी लावली आणि खोकं स्वतः माळ्यावर नेऊन ठेवलं. दर पायरीला त्यांचा गुडघा कटकन वाजत होता. "द्या, मी ठेवते," असं अपेक्षाला म्हणावंसं वाटलं. पण आपलंच खोकं आपणच माळ्यावर टाकायचं, म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. रणजीत डबा घेऊन कामाला निघाला होता. तो चप्पल घालता घालता म्हणाला, "थोडे दिवस राहू दे गं." एवढंच म्हणाला. बापापुढं तोही कधी जास्त बोलायचा नाही.

संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेल्यावर तात्यांनी सोपानरावांना सांगितलं, पोरीच्या कड्यानं मोटर जळाली. सोपानराव शेजारचे वाटेकरी. माणूस मनानं वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी किराणावाल्यानं साखर बांधता बांधता अपेक्षाला विचारलं, "काय इंजिनियर, आमचा फ्रीज बघाल का? का राहू द्या?" मागं उभ्या दोघी हसल्या. फेब्रुवारीतही हीच मोटर जळाली होती. तेव्हा ना कडं होतं ना डबा. पण ते कुणालाच आठवलं नाही. गावाला आठवण असते, ती सोयीची.

मोटर दुरुस्तीवाल्या चिमाजीकडे नवी तार भरायला गेली. लग्नसराई त्याच्याही धंद्याला असते की काय कोण जाणे, चार दिवस लागतील म्हणाला. झेंडूला चार दिवस थांबायला वेळ नव्हता. कळ्या भरत आल्या होत्या. पाणी चुकलं तर फूल आकारानं कवडीएवढं राहतं आणि हारवाला हातही लावत नाही. रणजीतला दुसऱ्या दिवसापासून सलग दोन पाळ्या लागल्या, तो नुसता झोपायला घरी यायचा. सुमनताईंनी पोहरा काढला, दोर काढला. आई शेंदायची आणि लेक हंडा उचलून सरीत न्यायची, तांब्या तांब्यानं एकेका रोपाच्या बुडाशी ओतायची. सकाळी सहाला सुरू करायचं, दहाला ऊन असह्य झालं की थांबायचं, पुन्हा चारला धरायचं. पहिल्या दिवशी सुमनताईंच्या तळव्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. त्यांनी पदराची चिंधी गुंडाळली आणि शेंदत राहिल्या. अपेक्षाच्या कमरेवर हंड्याच्या काठानं वळ उठला. पलीकडे कंपनीच्या भिंतीआड कारंज्यानं हिरवळीला पाणी चाललं होतं. त्याचा फसफस आवाज इकडं यायचा.

तात्याही स्वस्थ बसले नाहीत. रोपं फुलांनी लवतात, त्यांना ते तुरकाठ्यांचा आधार देत होते. पण अपेक्षा ज्या सरीत असेल ती सरी टाळायचे.

तिसऱ्या दिवशी चिमाजीचा फोन आला, येऊन बघून जा. तात्यांना एकट्याला पाठवायचं नाही म्हणून सुमनताईंनी अपेक्षाला बरोबर दिलं. रिक्षात दोघं समोरासमोर बसली आणि दोन्ही बाजूंनी बाहेर बघत राहिली.

चिमाजीचं दुकान म्हणजे पत्र्याची खोली. भिंतीवर तांब्याच्या तारेच्या चकत्या, मध्ये लाकडी ठोकळ्यावर उघडून ठेवलेली त्यांची मोटर. अपेक्षानं मोटर आतून पहिल्यांदाच बघितली. गोल पोकळी आणि कडेनं बसवलेली तारेची वेटोळी. तिला एकदम फार बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"बघा," चिमाजीनं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दाखवलं. "तीन फेजचं तीन गट. ह्यो गेला, ह्यो गेला. आन ह्यो बघा."

दोन गट कोळशासारखे काळे होते. तिसरा तांबूस, चकचकीत, काल गुंडाळल्यासारखा.

"एक फेज गेला आन मोटर दोनावर पळत ऱ्हायली. दोघांच्या अंगावर तिघांचं काम पडलं. फेब्रुवारीत बी असंच जळलं व्हतं, मला याद हाय." चिमाजीनं मान वर केली. "पर मारुतराव, स्टार्टरनं सोडाया पायजे व्हती. का न्हाई सोडली?"

"जुना झालाय," तात्या म्हणाले.

"जुना असला म्हनून काय? जुनंच इमानी असत्यात."

तात्या पाणी प्यायचंय म्हणून बाहेर माठाकडे गेले. अपेक्षानं ती संधी साधली. "काका, वायरीवर बाहेरून कडं लावलं तर मोटर जळते का?"

चिमाजी हसला. त्यानं खिळ्यावरचं आपलं मीटर काढलं. त्याला खेकड्याच्या नांगीसारखं तोंड होतं. "हे काय मग? दिवसभर लावतो की. नुसतं बघतं ते, खात न्हाई काय."

"पण माझं शून्य दाखवत होतं. मोटर चालू असताना."

"कशाला लावलंस?"

"जाड वायर आहे ना, तिला. अख्ख्या."

"हां. तिन्ही एकत्र घेतल्या तू." त्यानं पुन्हा मोटरीत डोकं घातलं. "तिन्ही धरल्या की बेरीज शून्य येती. एकच वायर धरायची, बाई."

अपेक्षा तिथंच उभी राहिली. इतकं सोपं होतं. तीन माणसं तीन बाजूंनी सारख्या जोरानं दोर ओढत असली, तर मधली गाठ हलत नाही, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं कुणीच ओढत नाही. तिचं कडं त्या गाठीकडे बघत बसलं होतं. परत येताना रिक्षात ती मनातल्या मनात हसत होती, आणि समोर तात्यांचं तोंड लाकडासारखं झालं होतं.

पण त्याच संध्याकाळी डेअरीवरून तात्यांचे शब्द घरी आले. सोपानरावांनीच सुमनताईंना हसत सांगितलं, "कड्यानं एक फेज खाल्ला म्हनं." अपेक्षानं ते ऐकलं आणि तिला पहिल्यांदा राग आला, खरा, पोटातून. चिमाजीचं सगळं बोलणं ऐकून माणूस असं कसं म्हणू शकतो?

स्टार्टरनं मोटर का सोडली नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. पेटीला हात लावायचा नाही हे तिनं पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालून झाल्यावर ती पेटीजवळ वाकली. पत्रा एका कडेला गंजून फाटला होता. तिनं फाटीला मोबाईलची बॅटरी लावली आणि डोळा लावला.

हिरवं बटण आत दाबलेलं होतं. ते बाहेर येऊ नये म्हणून बटण आणि पेटीचं दार यांच्यामध्ये तुरकाठीचा एक तुकडा बसवला होता. विळ्यानं बेतून तासलेला, बरोब्बर मापाचा. पुष्कळदा बोटं लागून तो गुळगुळीत झाला होता.

स्टार्टरनं त्याचं काम केलं असतं. एक फेज गेला, ताण वाढत गेला, की थोड्या वेळात तो खट्ट करून सुटला असता. त्याला सुटूच दिलं नव्हतं.

सरीत सुमनताई खुरपत होत्या. अपेक्षा त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "आई, पेटीत पाचर आहे."

"हाय की," सुमनताईंनी खुरपं थांबवलं नाही. "सा-सात वर्सं झाली."

"तुला माहीत होतं?"

"पाचर म्हाईत व्हती. मोटर तिच्यानं जळती ते कुठं म्हाईत व्हतं? लाईट सारखी जाती-येती. दर खटक्याला त्यांनी घरापासनं विहिरीपातूर चालायचं, बटण दाबायचं, परत यायचं. गुडघं बघितल्यात का त्यांचं? पाचर असली की लाईट आली का मोटर आपली आपण चालू."

अपेक्षाचा राग तिथंच निम्मा झाला. तिला ती वाट दिसली, घरापासून विहिरीपर्यंतची, आणि तिच्यावरून दिवसातून दहा वेळा जाणारा म्हातारा दिसला. तिच्या मनात आलं, घरात एवढी यंत्रं उघडली, पण आजोबा कसे चालतात ते नीट कधी बघितलं नाही.

"मग तू सांग त्यांना," ती म्हणाली.

"मी सून हाय."

"मी नात आहे."

"तेच म्हनते. नातीचं खपतं." सुमनताईंनी उपटलेलं गवत झटकलं. "पर जपून सांग. गावात बोलून बसल्यात ते. आता माघारी यायला वाट ठेव त्यांना."

दिवसभर ती शब्द जुळवत राहिली. खोकं माळ्यावर होतं, ते खाली यायला हवं होतं. नाव खराब झालं होतं, तेही धुऊन निघायला हवं होतं. एक वाक्य बोललं की दोन्ही झालं असतं. तात्या, मोटर तुमच्या पाचरीनं जळाली. ते वाक्य खरं होतं आणि तिच्या जिभेवर येत नव्हतं.

उन्हं उतरल्यावर तात्या ओट्यावर तुरकाठ्या तासत बसले होते. ती समोर जाऊन बसली.

"तात्या, माझी चूक सापडली."

विळा थांबला. तात्यांनी तिच्याकडे बघितलं, चार दिवसांत पहिल्यांदा.

तिनं तीन तुरकाठ्या घेतल्या, त्यांची टोकं एकमेकांना टेकवून जमिनीवर ठेवल्या. "ह्या तीन वायरी. तिघी तीन बाजूंनी ओढतात. मी तिन्हींना मिळून एकच कडं घातलं, त्यामुळं त्याला काहीच कळत नव्हतं. मोटर चालली तरी शून्य, तापली तरी शून्य. एकच वायर वेगळी धरायला पाहिजे होती. त्या वायरी पेटीच्या आत सुट्या असतात आणि पेटी उघडायची नव्हती, म्हणून मी बाहेरनं धरलं. ते चुकलं. नीट धरलं असतं तर भोंगा वाजला असता आणि मोटर वाचली असती."

तात्या तीन काठ्यांकडे बघत राहिले. "म्हंजी तुझ्या कड्यानं फेज खाल्ला न्हाई."

"नाही. ते नुसतं बघतं."

"आन बघत बी नव्हतं."

"नाही."

रस्त्यावर कंटेनर मागं घेत होते, त्याचं टीं टीं चाललं होतं. मग मोटर कशानं जळाली, हा पुढचा प्रश्न तात्यांनी विचारावा असं तिला वाटत होतं आणि विचारू नये असंही वाटत होतं. तात्यांनी विचारला नाही. त्यांनी हातातली काठी उलटीसुलटी करून बघितली, तिच्या तासलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि ती बाजूला ठेवली.

"जा, च्या टाकायला सांग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मोटर आली. ती विहिरीत सोडायला चार हात लागतात आणि गावची रीत अशी की अशा वेळी शेजाऱ्यानं न बोलावता यायचं. सोपानराव दोर खांद्यावर टाकूनच आले. सुमनताई, सोपानराव आणि अपेक्षा यांनी दोर धरला. तात्या काठावर पालथे पडून "हळू, डाव्या अंगाला" करत राहिले. मोटर कट्ट्यावर बसली. सोपानरावांनी खाली उतरून पाईप आवळला, वायर जोडली, पाणी भरलं. वर येऊन त्यांनी नारळ फोडला, पाणी विहिरीत सोडलं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"चला, दाबा बटण," ते म्हणाले. मग अपेक्षाकडे बघून हसले. "पर ह्या इंजिनियरला जरा लांब बसवा बरं मारुतराव. न्हाईतर आजच परत चिमाजीकडं."

सुमनताई दोर गुंडाळत होत्या, त्यांचा हात थांबला. अपेक्षानं खाली बघितलं.

तात्यांनी खांबावरची मेन बंद केली. कनवटीची किल्ली काढून पेटीचं दार उघडलं. आत हात घातला आणि पाचर काढली. ती तळव्यावर ठेवून त्यांनी सोपानरावांच्या पुढं धरली.

"मोटर मी जाळली," ते म्हणाले. "हिनं न्हाई. फेब्रुवारीतली बी मीच."

सोपानराव खोबरं चावायचे थांबले. त्यांनी पाचरीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. त्यांच्याही विहिरीवर पेटी होती आणि तिच्यात काय होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या तोंडावर ते दिसलं.

"डेअरीवर जाशील तवा सांग," तात्या म्हणाले. "त्या येळंला सांगितलंस तसंच सांग, सगळ्यांना." मग ते नातीकडे वळले. "खोकं काढ माळ्यावरनं. मला न्हाई चढवत आता."

ती पळत गेली आणि पळत आली. मेन बंद असल्याची तिनं टेस्टरनं दोनदा खात्री केली. तात्या शेजारी दार धरून उभे राहिले. आत तीन वायरी खरंच सुट्या होत्या, लाल, पिवळी, निळी. तिनं एकट्या लाल वायरीला कडं अडकवलं. मेन चालू झाली, तात्यांनी बटण दाबलं, मोटर घुमली आणि पाईपातून पाणी धडकन पाटात पडलं. डब्याच्या काचेत आकडा उमटला. सहा. थोडा खाली-वर होत सहाच्या आसपास थांबला.

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, फक्त तोंडावर हात ठेवला. तात्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून तो आकडा वाचला.

सुमनताईंनी पाटाचं तोंड फोडलं. पाणी पहिल्या सरीत शिरलं, कोरड्या मातीनं चुरचुर करत ते पिऊन टाकलं, मग पुढं सरकलं. चिंध्या बांधलेले हात त्यांनी त्याच पाण्यात बुडवून धरले. अर्धा तास असाच गेला. सोपानराव जायचं म्हणत होते, पण गेले नव्हते.

आणि मोटरचा आवाज बदलला. घुमायची ती कण्हायला लागली. काचेतला आकडा सहावरून आठ झाला, दहा झाला आणि डब्यातला भोंगा केकाटला. खांबावर एक फेज गेला होता.

तात्यांचा हात सवयीनं कमरेला गेला. पाचर तिथंच खोचलेली होती. हात क्षणभर तिच्यावर राहिला. मग तो पुढं आला आणि त्यांनी लाल बटण दाबलं. पाणी तुटलं. भोंगा गप्प झाला.

"झालं," सोपानराव म्हणाले. "पडली बंद."

"पडली न्हाई," मारुतराव म्हणाले. "केली."

ते पेटीशेजारच्या दगडावर बसले, दोन्ही गुडघे हातांनी धरून. नात त्यांच्या बाजूला बसली. सगळी पाण्याकडे आणि खांबाकडे आळीपाळीनं बघत लाईटीची वाट बघत राहिली.